वादळ आलंच नाही म्हणे!

आमच्या न्यूयॉर्कच्या सहलीचा विषय घरात निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "काका, तुमचे दोन दिवस फुकट गेले हो! वादळाचा नुसता बाऊ केला त्या लोकांनी."

ऑगस्ट २०११ ची गोष्ट. आयरीन नावाचं चक्रीवादळ न्यूयॉर्कवर येणार म्हणून अख्खं शहर बंद झालं होतं आणि आम्ही दोघं नेमके तिथे पाहुणे. वादळ पोचलं तोवर त्याचा जोर ओसरला होता, हे खरं. पण "बाऊ केला" हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

लेक ओहायोत असते. तिने आमच्यासाठी चार दिवसांची सहल ठरवून दिली होती. त्याच आठवड्यात मंगळवारी व्हर्जिनियात भूकंप होऊन त्याचे धक्के थेट न्यूयॉर्कपर्यंत जाणवले होते, त्यामुळे सौ. आधीच धास्तावलेली. शुक्रवारी महापौर ब्लूमबर्ग यांनी समुद्रालगतच्या सखल भागातल्या सुमारे ३ लाख ७० हजार लोकांना घरं सोडायला सांगितलं. शहराच्या इतिहासात असा हुकूम पहिलाच. शनिवारी दुपारी १२ ला सबवे बंद. ब्रॉडवेची नाटकं रद्द, विमानतळ बंद. आमचं हॉटेल मॅनहॅटनच्या मध्यावर, म्हणजे घर सोडायच्या यादीत नव्हतं. पण हे कळायलाच आम्हाला अर्धा दिवस लागला.

मंडळी, पर्यटकाची अवस्था मोठी चमत्कारिक असते. तिथल्या माणसाला ठाऊक असतं आपली गल्ली सखल आहे की उंच, पाणी भरलं तर कोणाकडे जायचं, कुठलं दुकान शेवटपर्यंत उघडं राहतं. आम्हाला काय ठाऊक? टीव्हीवर सारखं सांगत होते, "आपला झोन तपासा." आता पाहुण्याला कसला आलाय झोन! शेवटी काउंटरवरच्या मुलाने नकाशा पसरून बोट ठेवून दाखवलं. मग आम्ही ब्रेड, केळी, पाण्याच्या बाटल्या आणल्या. रक्तदाबाच्या गोळ्या मोजल्या. न्हाणीघरातला टब भरून ठेवला. झालं, आमची तयारी संपली.

कारण आमचं तिथे होतं काय? दोन बॅगा. बुडाले असते तर नाटकाच्या तिकिटांचे पैसे. म्हणूनच माझं म्हणणं असं की, वादळात 'काही झालं नाही' हे ठरवायला पर्यटक हा सगळ्यात कुचकामी साक्षीदार.

आमची खोली आवरायला येणारी बाई रॉकअवेला राहायची. रॉकअवे म्हणजे समुद्रात शिरलेली चिंचोळी पट्टी, तिथल्या सगळ्यांना घर सोडायचा हुकूम. तिने मुलांना ब्रॉन्क्समध्ये बहिणीकडे पाठवलं होतं आणि ती स्वतः हॉटेलातच मुक्कामाला राहिली. गाड्या बंद, मग रविवारी कामावर येणार कशी? आम्हाला चहाचं गरम पाणी मिळावं म्हणून ती आपलं घर आणि मुलं सोडून तिथे थांबली होती. लॉबीत मात्र काही पाहुणे पैसे परत मिळणार का म्हणून हुज्जत घालत होते. मला तर लाज वाटली त्यांची.

रविवारी सकाळी आयरीन कोनी आयलंडला किनाऱ्यावर आलं. पाऊस दणकून झाला, झाडं पडली, काही ठिकाणी पाणी भरलं. दुपारी लोक टाइम्स स्क्वेअरवर फोटो काढत होते आणि म्हणत होते, एवढ्यासाठी सगळं बंद केलं? पण भुयारांत खारं पाणी शिरलं की सिग्नलची यंत्रणा खलास होते. गाड्या सुरक्षित जागी नेऊन लावायलाच कितीतरी तास लागतात. म्हणजे निर्णय घ्यायचा तो आभाळ निरभ्र असतानाच. आमच्या शाळेला अतिवृष्टीची सुट्टी दिली की त्या दिवशी हटकून ऊन पडायचं आणि पालक मला अडवून विचारायचे, "सर, कशाला हो सुट्टी?" पाऊस पडला असता तर हेच पालक विचारायला आले असते, सुट्टी का नाही दिली म्हणून. असो.

आणि वादळ गेलं कुठे? ते उत्तरेला व्हरमाँटच्या डोंगरांत जाऊन कोसळलं. नद्यांना असे पूर आले की रस्ते खचले, जुने छपराचे लाकडी पूल वाहून गेले. न्यूयॉर्कात 'आलंच नाही' म्हणत होते, ते तिकडे दुसऱ्यांच्या दारात उभं होतं.

पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २०१२ ला, सँडी आलं. पुन्हा हुकूम निघाला. पण मागच्या खेपेला काही झालं नव्हतं ना, म्हणून कितीतरी लोक घरातच बसले. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाणी जवळपास १४ फुटांवर चढलं, सबवेची भुयारं भरली. एकट्या न्यूयॉर्क शहरात ४३ माणसं गेली. बातम्यांत रॉकअवे दिसलं तेव्हा मी आणि सौ. एकमेकांकडे बघत राहिलो. त्या बाईचं पुरतं नावही आम्हाला माहीत नव्हतं.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ मुंबईवर येणार म्हणून सगळे धास्तावले होते. ते रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि मुंबई वाचली. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर विनोद सुरू, "वादळ ट्रॅफिकमध्ये अडकलं" वगैरे. मलाही चार जणांनी पाठवले. आमचे श्रीवर्धनचे स्नेही आहेत, रोठा सुपारीची वाडी आहे त्यांची, वडिलांच्या हातची. त्यांचा फोन तीन-चार दिवस लागतच नव्हता. लागला तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाले, "सर, घरातून समुद्र दिसायला लागला हो. मधे झाडच उरलं नाही."