पोलिसाने पाहिलेले आणि पोलिसाला वाटलेले

गेल्या हिवाळ्यात इथे अमेरिकेत एका चौकात माझ्या गाडीला अपघात झाला. कुणाला लागले नाही, हे नशीब. पोलीस अधिकारी आले तोवर वीसेक मिनिटे उलटली होती. त्यांनी आम्हा दोघांचे म्हणणे ऐकले, टायरच्या खुणा पाहिल्या आणि रिपोर्टमध्ये लिहिले की माझा वेग जास्त होता. पुढे विमा कंपनीशी बोलताना ते एक वाक्य भिंतीसारखे आडवे आले. आई फोनवर म्हणाली, "अगं, पोलिसांनीच लिहिलंय म्हटल्यावर काय बोलणार?"

मला मात्र बोलायचे आहे. माझे पोट मोजमापांवर चालते. 'वेग जास्त होता' हे मोजमाप नव्हे, मत आहे. ते कशावरून आले, हे सांगितल्याशिवाय दाव्यात पुरावा म्हणून मान्य होऊ नये, असे मला वाटते.

थोडे गणित करू. ब्रेक दाबल्यावर टायर घसरत गेले, की गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात खर्च होते. म्हणून वेगाचा वर्ग म्हणजे घर्षणांक, गुरुत्वीय त्वरण आणि घसरण्याचे अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. समजा खूण २० मीटरची आहे. रस्ता कोरडा म्हणून घर्षणांक ०.८ धरला, तर वेग येतो ताशी सुमारे ४० मैल. रस्ता ओलसर होता म्हणून ०.५ धरला, तर सुमारे ३१ मैल. वेगमर्यादा ३५ मैल असेल, तर त्याच खुणेवरून एकदा तुम्ही दोषी ठरता आणि एकदा निर्दोष! शिवाय धडकेत खर्च झालेली ऊर्जा वेगळी धरावी लागते, रस्त्याचा उतार पाहावा लागतो, आणि एबीएस असलेल्या गाडीची खूण पुष्कळदा धड दिसतही नाही. अंदाजाने सांगितलेल्या वाक्यात यातले काहीच नसते.

बरे, अधिकाऱ्याने अपघात स्वतः पाहिलेला नसतो. तो साक्षीदारांना विचारतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना अपघातांच्या फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्नात गाड्या 'एकमेकींवर आदळून चुराडा झाल्या' अशा अर्थाचे क्रियापद होते, तेव्हा सरासरी उत्तर ४० मैलांच्या आसपास आले. साधे 'धडकल्या' म्हटले तेव्हा ३४. फिल्म त्याच, बदलला तो फक्त एक शब्द.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. १९९३ च्या डॉबर्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना तज्ज्ञांच्या मताची गाळणी करायला सांगितले: पद्धत तपासून पाहता येते का, इतर तज्ज्ञांनी ती पारखली आहे का, चुकीचे प्रमाण किती. १९९९ मध्ये कुम्हो टायर खटल्यात, तोही एका फुटलेल्या टायरचाच, हीच गाळणी अनुभवावर बोलणाऱ्या तज्ज्ञांनाही लावली. उलट १९८८ मध्ये, नौदलाच्या विमान अपघाताच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने सरकारी चौकशी अहवालातले निष्कर्ष विश्वासार्ह असतील तर चालतील, असे ठरवले होते. हे सारे संघीय न्यायालयांचे नियम. गाड्यांचे बहुतेक दावे राज्यांच्या न्यायालयांत चालतात आणि तिथे राज्यागणिक नियम बदलतात. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचे कलम २००१३ तर अपघाताचा रिपोर्ट खटल्यात पुरावा म्हणून वापरूच देत नाही. अधिकाऱ्याला स्वतः येऊन साक्ष द्यावी लागते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अधिकाऱ्याने शेकडो अपघात पाहिलेले असतात, आणि छोट्या दाव्यात स्वतंत्र तज्ज्ञाची फी कुणाला परवडणार? पण अनुभवातून अचूकता यायची, तर आपले उत्तर बरोबर होते की चूक, हे नंतर कळावे लागते. हवामान सांगणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी कळते. चौकातल्या अधिकाऱ्याला बहुधा कधीच कळत नाही. ज्यांनी अपघात-पुनर्रचनेचे रीतसर शिक्षण घेतले आहे आणि जे आपले गणित मांडून दाखवतात, त्या पोलिसांचे मत जरूर ऐकावे. प्रश्न गणवेशाचा नाही, पद्धतीचा आहे.

आपल्याकडच्या पंचनाम्यामागची कल्पना मला इथे आठवते: जागेवर काय दिसले, ते पंचांसमक्ष लिहायचे. खूण किती लांब, काच कुठे पडली, रस्ता ओला की कोरडा. पोलिसांचे हे काम अमूल्य आहे. दोष कुणाचा, हा मात्र पुढचा प्रश्न.

बहुतेक दावे कोर्टापर्यंत जातच नाहीत, आणि वाटाघाटीत रिपोर्टचे वजन मोठे असते. म्हणून मंडळी, अपघात झालाच तर सुरक्षित जागी उभे राहून खुणांचे आणि रस्त्याचे फोटो काढा, अंतराचा अंदाज यावा म्हणून जवळच्या खांबासकट. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक नोंदवणारे यंत्र असते. २०१५ च्या संघीय कायद्याने ती माहिती गाडीच्या मालकाची किंवा भाडेपट्टेदाराची आहे. दुरुस्तीला किंवा भंगारात गाडी जाण्याआधी ती जपून ठेवायला वकिलाकरवी सांगा. मी सांगितले नाही. त्यामुळे माझा खरा वेग किती होता, हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही. मलाही नाही, आणि ते वाक्य लिहिणाऱ्यालाही नाही.