एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा

लातूरच्या बाजारातून मांगूर आणायचा, आतडं उघडायचं, पांढरा पट्टकृमी काचपट्टीवर घेऊन कार्माइनने रंगवायचा. प्राणिशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षं हेच केलं. मेलेल्या माशातला कृमी सैल पडतो आणि काचेखाली दाबला की पसरतो. अशा पसरलेल्या रुंदीवरही आपल्याकडे नव्या प्रजाती जाहीर झाल्या. 2011 मध्ये मांगूरमधल्या, शरीराचे खंड न पडणाऱ्या पट्टकृमींची फेरतपासणी छापून आली. पन्नासहून अधिक नावांपैकी फक्त 8 टिकली. गेलेल्यांत मराठवाड्यातलीही होती. मनाला लागलं, पण पटलं.

नांदेड-लातूरच्या संशोधक मुलांनो, विष्णुपुरीची मरळ असो की रीतसर परवानगीने तपासलेला मांजराकाठचा बेडूक, कृमी जिवंत असतानाच त्याचा छोटा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवा. उरलेला गरम फॉर्मालिनमध्ये टाका. त्यात आकार राहतो, पण डीएनए खराब होतो, म्हणून तो तुकडा आधी. आकार आणि जनुक एकाच कृमीचे हवेत, नाहीतर जुळवायचं कशाशी? नमुना कपाटात कुलूपबंद करू नका, भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे द्या. आणि मार्गदर्शकांनी प्रबंधातली नवी नावं मोजणं आता थांबवावं. जुन्या दहा नावांचा एकच कृमी आहे, हे सिद्ध करणाऱ्या मुलीलाही पीएच.डी. मिळायला हवी.