पदकामागचे गद्य

मुळशी धरणाच्या कडेने जाणारा रस्ता ताम्हिणी घाट उतरून माणगावात पोचतो. माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील या जवानास इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. पदकाचा अभिमान सर्वांनाच असतो. पण ते ज्या मजकुराच्या बळावर मिळते, तो मजकूर साहित्याचे विद्यार्थी कधी वाचत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

घाडगे यांची प्रशस्ती वाचून पाहावी. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकी सारे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या मोर्च्यावर धावून गेले, हातबॉम्ब टाकून गन निकामी केली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलण्यास उसंत नव्हती. म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी तिच्याच प्रहारांनी ठार केले. पुढच्याच क्षणी आडून झाडलेल्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. पोवाड्याने येथे विशेषणांची आतषबाजी केली असती (आणि ती आम्हांस आवडलीही असती). या कोरड्या गद्यात मात्र मॅगझिन न बदलण्याचे साधे कारणच अंगावर येते.

पण हे गद्य निरागस नाही. शौर्यपदकास साक्षीदार लागतो, वरिष्ठाची शिफारस लागते. ज्याचे धाडस पाहणारा कोणी उरला नाही, त्याच्या वाट्याला पदक येत नाही. आपल्या गावोगावच्या वीरगळांवर बहुधा नावदेखील नसते. पण कोणीतरी दगड उभा करते.

मुळशीत तर राज्यसत्तेविरुद्धच धैर्य दाखवले गेले. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सुरू झालेल्या सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केले. ही पदवी लोकांनी दिली. सरकारदरबारी त्यांच्या नावे नोंद झाली ती शिक्षेची. रेल्वे अडवल्याबद्दल सात वर्षांची.

घाडगे यांची मूळ प्रशस्ती इंग्रजीत आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांकडून तिचे मराठी भाषांतर करून घ्यावे, असे आम्ही सुचवतो. तिच्या अखेरीस कर्तव्यनिष्ठेचा गौरव आहे. ते कर्तव्य कोणाप्रती, हे मूळ मजकूर सांगत नाही. भाषांतर करणाऱ्याला मात्र तेथे थांबावेच लागेल.