दुसऱ्या खेपेला

सोलापुरात 'मिशन' म्हटलं की माझ्या पिढीला आधी डॉ. कोटणीस आठवतात. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. अटल, नागपूरचे चोळकर, आपले कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस तिकडे चिनी शिकले, चिनीतूनच विद्यार्थ्यांना शिकवायला लागले, ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते.

बसूंची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ते परत आले, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले. या वेळी ॲक्युपंक्चर शिकायला! पहिल्या खेपेला औषधं घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या खेपेला विद्यार्थी म्हणून गेला, आणि ती विद्या घेऊन कोलकात्याला परतला. मला ही दुसरी खेप पहिलीपेक्षा जास्त विचार करायला लावते. सेवेसाठी, धर्मासाठी, कशाहीसाठी असो, पण एकदा 'द्यायला' म्हणून गेलेला माणूस त्याच देशात कामासाठी परत जातो, तेव्हा नेमकं काय बदलतं?

हा प्रश्न डोक्यात यायचं कारण अक्कलकोट रोड एमआयडीसीत भेटलं. तिथल्या एका टॉवेल कारखान्यात आमचं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर बसवायचं काम चालू होतं. (बारकोड, पॅकिंग लिस्ट, कंटेनर. ग्लॅमर शून्य.) त्याच आठवड्यात अमेरिकन खरेदीदाराचा माणूस माल बघायला आला. वय असेल पस्तीस-छत्तीस. जीएसएम तपासलं, लूप ओढून बघितले, आणि मागावरच्या काकांना सरळ तेलुगूत विचारलं, हे जेकार्ड किती वर्षांचं आहे? मागांच्या खडखडाटात काकांना आधी वाटलं, आपल्याला ऐकायला चुकलं. मग त्यांनी शेजारच्या मागावरच्याला हाक मारली, त्याने तिसऱ्याला. पाच मिनिटांत साहेबाभोवती घोळका.

साहेब मॉर्मन. एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षं आंध्रात मिशनवर होता, बराच काळ राजमहेंद्रीला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मॉर्मन मुलं कॉलेजच्या वयात दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष धर्मप्रसाराला जातात. देश आपण निवडायचा नाही, चर्च सांगेल तिथे जायचं. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. कायम जोडीने राहायचं, एकट्याने फिरायचं नाही. २०१९ पर्यंत घरी फोन फक्त ख्रिसमसला आणि मदर्स डेला. भाषा शिकवायला युटामधल्या प्रोव्होला मोठं केंद्र आहे. भारतात त्यांचं बंगलोर मिशन १९९३ साली सुरू झालं, आणि हैदराबाद, विशाखापट्टणम, राजमहेंद्री या भागात त्यांच्या मंडळ्या आहेत. म्हणून तेलुगू.

आता सोलापूर बाहेरच्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्या शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलतो. तेलंगणातून पिढ्यान् पिढ्या आलेले पद्मशाली विणकर. आधी हातमाग, मग गिरण्या, मग यंत्रमाग. सोलापुरी चादर आणि टॉवेल, दोन्हींना जीआय मिळालाय तो बहुतांशी याच हातांच्या जोरावर. त्यांची तेलुगू जुन्या तेलंगणी वळणाची आणि त्यात मराठी भरपूर. या साहेबाची गोदावरीकाठची, प्रत्येक क्रियापदाला आदरार्थी 'अंडी' लावणारी. 'चेप्पंडी' म्हणजे 'सांगा ना'. मागावरची पोरं दिवसभर एकमेकांना 'चेप्पंडी बे' म्हणत होती. हे वाक्य फक्त सोलापुरातच तयार होऊ शकतं :)

संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमच्या टीममधला एकजण म्हणाला, "म्हणजे बघ, देवाच्या नावाने फुकट शिकलेली भाषा आता भाव पाडायला वापरतोय." टोमणा झणझणीत आहे आणि अगदीच चुकीचा नाही. मॉर्मन लोकांत हे सर्रास होतं. जॉन हंट्समन तरुणपणी तैवानला मिशनवर होते, तिथे मँडरिन शिकले, आणि २००९ साली अमेरिकेचे राजदूत म्हणून चीनला गेले. मिट रॉम्नी १९६६ पासून अडीच वर्षं फ्रान्समध्ये होते. मिशनवर शिकलेली भाषा पुढे बायोडेटात एक ओळ बनते, आणि चांगल्या पगाराची ओळ बनते.

पण मला यात फसवणूक दिसत नाही. उलट मिशनवर असताना समोरच्याचं नातं जरा तिरकं असतं. तुमच्याकडे 'सत्य' आहे आणि त्याच्याकडे नाही, असं धरूनच तुम्ही त्याच्या दारात उभे असता. एकोणीस वर्षांच्या पोराने पन्नाशीच्या माणसाला जगावं कसं हे सांगायचं! धर्मांतराबद्दल माझी मतं इथे काढत नाही, ती काढली तर विषय भलतीकडे जाईल. मुद्दा एवढाच की दुसऱ्या खेपेला तोच माणूस येतो तेव्हा त्याला टॉवेल हवा असतो. चांगला, वेळेवर आणि तीच शेड पुन्हा देता येईल असा. तो टॉवेल कसा विणायचा हे काकांना येतं, त्याला येत नाही. बसूंना ॲक्युपंक्चर येत नव्हतं, तसंच. दोन्ही बाजूंकडे काहीतरी असणं, हे मला जास्त निरोगी वाटतं.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती त्याच दिवशी समोर आली. खरेदीदाराच्या माणसाला कामगार जे सांगत नाही ते 'आपली भाषा बोलणाऱ्या अण्णा'ला सहज सांगून टाकतो. त्याला कळलं की रात्रपाळीची काही मंडळी आतच झोपतात आणि मागचा दरवाजा रात्री बंद असतो. ऑडिटच्या इंग्रजी चेकलिस्टवर त्या ओळीसमोर टिक होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ही बाब किरकोळ नाही. मे २०२५ मध्ये इथल्याच एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, आणि मालक, त्यांच्या घरची माणसं आणि कामगार असे आठजण गेले. त्यानंतर दरवाजा हा शब्द इथे कोणी सहज उच्चारत नाही.

मग त्याने काय करावं? रिपोर्टात लिहिलं तर ऑर्डर थांबू शकते. थांबली तर पहिला फटका ज्याने विश्वासाने सांगितलं त्यालाच. नाही लिहिलं, तर रात्री आत झोपणारेही तेच. दोन वर्षांच्या मिशनने त्याला बोलायला शिकवलं होतं, पण ऐकलेल्याचं करायचं काय हे बहुधा कोणी शिकवलं नव्हतं. त्याने त्या रात्री मालकांना गाठलं, 'उद्या मला लिहावं लागेल, आज तुम्ही कुलूप काढा' एवढंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं. कुलूप निघालं होतं. रिपोर्टात दोन्ही गोष्टी आल्या, कुलूप होतं हेही आणि निघालं हेही. ऑर्डर दोन आठवडे लटकली, मग सुटली. मालक त्याच्याशी पुढे फक्त इंग्रजीत बोलले.

माझं मत असं, की त्याने बरोबर केलं, पण एक गोष्ट आधी करायला हवी होती. पहिलंच वाक्य. तेलुगूत 'काका, हे माग किती जुने' विचारण्याआधी तेलुगूतच सांगायचं, की मी माल घेणाऱ्याकडून आलोय, तुम्ही जे बोलाल ते मी कागदावर लिहू शकतो. मिशनवर असताना त्याच्या शर्टावर नावाची काळी पट्टी असायची. तो कोण आणि कशाला आलाय, हे लांबून दिसायचं. दुसऱ्या खेपेला पट्टी नसते, भाषा मात्र तीच असते. समोरच्याला मग कळत नाही की आपण पाहुण्याशी बोलतोय की इन्स्पेक्टरशी. भाव पाडणं चालेल, तो धंदा आहे. पण आपलेपणाच्या आवाजात माहिती काढून घेणं मला खटकतं, हेतू कितीही चांगला असला तरी.

हे त्याला मी बोललो. तो म्हणाला, पट्टी असताना लोक दार लावून घ्यायचे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तरीही माझं मत तेच आहे.

आपल्या लायनीत याच्या बरोबर उलटं चालतं. आपली माणसं ऑनसाइट जातात ती थेट दुसरीच खेप, पहिली नाहीच. तीन वर्षं स्टुटगार्टला काढून 'डांके' आणि 'चूस' एवढ्यावर परत आलेले किमान चारजण माझ्या ओळखीचे आहेत. ऑफिस इंग्रजीत, घर मराठीत, शनिवारी इंडियन स्टोअर. कुणाच्या रात्रपाळीचं कुलूप त्यांना कधी कळणारच नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा आहे, ती मात्र मला आवडते. ती मुलं उघडपणे पगारासाठी शिकतात, पहिल्या दिवसापासून समोरच्याला ते माहीत असतं, आणि त्यातली कितीतरी पुढे त्या भाषेच्या प्रेमात पडतात. क्रम उलटा, पण कुणाला अंधारात ठेवलेलं नाही.

त्या साहेबाला जेवताना विचारलं, राजमहेंद्रीला जाऊन आलास का? नाही म्हणाला. आंध्र सोडल्यापासून भारतात ही त्याची चौथी खेप, पण तिकडे नाही. त्याने ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यातले काही चर्च सोडून गेलेत. एका घरातल्या मुलाला त्याच्याकडून अमेरिकेतली नोकरी हवी आहे. एक म्हातारी बाई अजून दर नाताळला मेसेज करते, तिला तो उत्तर देतो, पण सोलापुरात आलोय हे तिला कळवलेलं नाही. "तिथे कशासाठी आलो म्हणून सांगू?" असं त्याने विचारलं.

कोणार्क एक्सप्रेस सोलापूरहून थेट राजमहेंद्रीला जाते, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. मी त्याला म्हटलं, टॉवेल विकत घ्यायला आलो होतो असं सांग, आणि एक टॉवेल घेऊन जा. तो हसला. फोनवर गाडीची वेळ बघितली आणि विचारलं, स्लीपरचं तिकीट इतक्या उशिरा मिळेल का?