घर एका राज्यात, कर दुसऱ्या राज्याला

कोरोनाच्या साथीने २०२० मध्ये अमेरिकेतील लक्षावधी नोकरदारांना घरी बसवले. पुढे कचेऱ्या उघडल्या, तरी सारेच परतले नाहीत. काम घरी आले. पण त्यावरचा प्राप्तिकर कोणत्या राज्याने घ्यायचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

अमेरिकेत संघ सरकारखेरीज बहुतेक राज्येही वेतनावर प्राप्तिकर आकारतात. ज्या राज्यात प्रत्यक्ष काम झाले त्याचा पहिला हक्क; राहत्या राज्याने साऱ्या उत्पन्नावर कर लावायचा, पण दुसरीकडे भरलेल्या कराची सूट द्यायची, अशी तेथील सर्वसाधारण रीत आहे. न्यूयॉर्क ती पाळत नाही. परराज्यातील कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करीत असेल, कंपनीची तशी निकड नसेल, तर ते दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचे धरले जातात. एडिसन किंवा जर्सी सिटीतील घरी बसून न्यूयॉर्कच्या कंपनीचे काम करणाऱ्या मराठी अभियंत्याला म्हणूनच राज्यांची दोन विवरणपत्रे भरावी लागतात: न्यूयॉर्कचे अनिवासी म्हणून आणि न्यू जर्सीचे रहिवासी म्हणून. न्यू जर्सी सूट देते, त्यामुळे दुहेरी कर बहुतांशी टळतो. परंतु त्याच्या मुलांची शाळा, रस्ता, पोलीस सारे न्यू जर्सीचे; पैसा मात्र जातो ज्या राज्यात त्याला मत नाही तेथे.

या नियमाला एक मोठे आव्हान साथीच्या पुष्कळ आधीचे. कनेक्टिकटमध्ये राहणारे व न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की ते घेऊन न्यायालयात गेले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने नियम उचलून धरला. साथीच्या काळात मॅसॅच्युसेट्सनेही तात्पुरता असाच पवित्रा घेतला, तेव्हा ज्या राज्यात वेतनावर करच नाही ते न्यू हॅम्पशायर ऑक्टोबर २०२० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथील रहिवाशांना सूट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मॅसॅच्युसेट्सचा पाच टक्के कर हा त्यांचा निव्वळ तोटा होता. न्यू जर्सी व कनेक्टिकट यांनी पाठिंबा दिला. परंतु न्यायालयाने जून २०२१ मध्ये दावा दाखल करून घेण्यासच नकार दिला. न्यायमूर्ती थॉमस व अलिटो यांनी वेगळे मत नोंदवले, इतकेच.

न्यायालयाने हात झटकल्यावर राज्यांनी आपापला मार्ग काढला. कनेक्टिकटने आधीच जशास तसे धोरण अंगीकारले होते. न्यू जर्सीने २०२३ मध्ये तोच कित्ता गिरवला: जे राज्य आमच्या रहिवाशांना सोयीचा नियम लावील, त्याच्या रहिवाशांना आम्हीही तो लावू. यात तिजोऱ्यांची बरोबरी होईल, नोकरदाराचा त्रास मात्र कमी होत नाही.

तोडगा अशक्य आहे असे नाही. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया यांच्यात १९७७ पासून करार आहे: वेतनावरचा कर फक्त राहत्या राज्याला. २०१६ मध्ये तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तो मोडण्याची घोषणा केली आणि पुढे ती मागे घेतली. म्हणजे करार टिकतो, पण राजकीय मर्जीवर. देशव्यापी उपाय काँग्रेसच करू शकते. परराज्यात ३० दिवसांपर्यंत काम करणाऱ्याला तेथील करातून मोकळे ठेवणारे विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकत आले. बाहेरून येणाऱ्यांच्या करावर ज्याची तिजोरी अवलंबून, त्या न्यूयॉर्कचा विरोध त्यामागे आहे.

दिल्लीत बसून हे वाचताना आपल्या घटनेतील एक तरतूद आठवावी. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरचा कर तिने संघसूचीत ठेवला. पुण्यातील घरातून गुरुग्रामच्या कंपनीचे काम करणारा एकच विवरणपत्र भरतो. त्याच्यावर दोन राज्ये हक्क सांगत नाहीत. राज्यांच्या हाती उरला तो व्यवसाय कर, आणि त्याला कलम २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अर्थात या सोयीचीही किंमत आहे. विभाज्य निधीतील वाटा वित्त आयोग ठरवतो, आणि पंधराव्या आयोगाच्या सूत्रात, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळासाठी, प्राप्तिकर कोणत्या राज्यातून गोळा झाला याला स्थान नव्हते. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या सूत्राने सहा टक्क्यांहून थोडे अधिक आले.

भांडण दोन्ही देशांत आहे. आपल्याकडे ते वित्त आयोगापुढे सरकारे मांडतात. अमेरिकेत ते नोकरदाराच्या विवरणपत्रात येऊन पडते. राज्याराज्यांचा हिशेब नागरिकाने आपल्या पगारातून चुकवावा, ही संघराज्याची रीत नव्हे. अमेरिकी काँग्रेसने तो हिशेब स्वतःकडे घेतला पाहिजे. न्यायालयाने तर तो २०२१ मध्येच नाकारला आहे.