ऊब अडवा, ऊब जिरवा



ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर मागे जातात, दुपार सरते न सरते तोच अंधारून येतं आणि घरोघरी हीटिंग सुरू होतं. दिवाळी अंकाच्या संपादकीयात यंदा वीज-गॅसच्या बिलाविषयी लिहिते आहे. गेले काही हिवाळे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात चहाच्या वेळी हाच विषय निघतो. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सरासरी घराचं वर्षाचं बिल 2500 पौंडांच्या आसपास रोखून धरण्यासाठी ब्रिटिश सरकारला मध्ये पडावं लागलं. आता दर तीन महिन्यांनी ‘ऑफजेम’ ही ऊर्जा नियामक संस्था नवी दरमर्यादा जाहीर करते आणि आपण धास्तावून आकडे वाचतो.

या धास्तीतून आपल्यातल्या काही घरांनी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी, हीटिंग बंद ठेवून थंडी सोसायला सुरुवात केली आहे. हे वाचून तरी ते थांबावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सोसणं म्हणजे बचत नव्हे. वाया जाणारी ऊब अडवणं ही खरी बचत, आणि तिची रीत आपल्याला नवी नाही.

मी गोंदिया जिल्ह्यातली. तलावांचा, धानाचा हा जिल्हा दोन्ही टोकांचं हवामान बघतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तर डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान म्हणून पुष्कळदा गोंदियाचंच नाव येतं. तिथली जुनी घरं जाड मातीच्या भिंतींची आणि वर कवेलूंची, म्हणजे कौलांची. भिंत तापायला अर्धा दिवस घेई, कवेलूंच्या फटींतून वरची गरम हवा निघून जाई आणि पुढची सपरी, म्हणजे ओसरी, ऊन भिंतीपर्यंत पोहोचू देत नसे. सकाळी नऊ-दहाला दारं-खिडक्या लावायच्या, उन्हं कलली की सगळं सताड उघडायचं, अंगणात पाणी शिंपायचं, हा घरातल्या बायांचा रोजचा नेम होता. थंडीत याच्या उलट. दिवसभर ऊन आत येऊ द्यायचं आणि सांज झाली की दार ओढून घ्यायचं. घर गरम करायला काही नव्हतं. शेकोटीने आणि गोधडीने माणूस उबदार राही.

आता तिथेही सिमेंटचा स्लॅब आला आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो. म्हणून कूलर आला, आणि त्याच्यामागे एसी. तिरोड्याला 3300 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, पण जिल्ह्यातल्या घराला वीज मिळते ती महावितरणच्या टप्प्यांनी. महिन्याला 100 युनिटांच्या पुढे दर बराच चढतो, 300 च्या पुढे आणखी. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड हजार वॅटच्या आसपास खेचतो, घरगुती कूलर साधारण दोनशे. हा फरक घराला कोणत्या टप्प्यात नेऊन ठेवतो, हे उन्हाळ्याच्या बिलावर दिसतं.

कूलरमागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली सुमारे 0.67 युनिट उष्णता ओढून घेतं, आणि हे काम फुकटात होतं. वीज लागते ती पंख्याला आणि छोट्या पंपाला. मात्र हवा कोरडी हवी आणि ओलसर झालेली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात नुसता चिकचिकाट होतो. जुलैत पाऊस लागला की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

इथल्या आपल्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये हेच गणित उलट्या बाजूने चालतं. गॅस जळताना वाफ तयार होते. रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल, तर त्याच्या गारव्याने त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि तिच्यात दडलेली उष्णता घराला मिळते. पाणी फार तापवलं तर ती वाफ तशीच बाहेर जाते. पुष्कळ बॉयलर बसवतानाच 70-80 अंशांवर लावलेले असतात. कॉम्बी बॉयलर असेल तर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान 60 अंशांवर किंवा थोडं खाली आणा. खोली उबदार व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण गॅस कमी जळेल. गरम पाण्याची वेगळी टाकी असणाऱ्यांनी मात्र टाकीतलं पाणी 60 च्या खाली नेऊ नये. त्यात घातक जिवाणू वाढू शकतात.

बाकी सवयी गोंदियाच्याच, फक्त ऋतू इथला. दक्षिणेकडच्या खिडक्यांचे पडदे दिवसा उघडे ठेवा, अंधार पडताच ओढा, पण पडदा रेडिएटरवर लोंबू देऊ नका. सोफा रेडिएटरपासून थोडा दूर सरकवा. दाराखालची फट बुजवा, पोटमाळ्यावर 270 मिलिमीटर जाडीचं आच्छादन आहे का ते पाहा. वापरात नसलेल्या खोलीचा रेडिएटर कमीवर ठेवा, दार लावा. भाजी-वरण झाकण ठेवून शिजवा, नंतर खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून बंद करा, म्हणजे भिंतींना ओल धरत नाही. हवेसाठी ठेवलेले झरोके मात्र कधीही बुजवू नका. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत आपण वाढलो. उबेचंही तसंच आहे.

बचतीला एक सीमा असावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये घरात हिवाळ्यात किमान 18 अंश तापमान सुचवलं आहे. लहान मुलं आणि वृद्धांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं. हीच सीमा मे महिन्यात तिकडे आपल्या आई-वडिलांना लागू होते. बिल वाढेल म्हणून दुपारभर नुसत्या पंख्याखाली बसणारे कितीतरी पालक आहेत, आणि खोलीतली हवा 40 अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम वाराच ढकलतो. त्यांना आत्ताच फोन करून सांगा, कूलर खुशाल लावा. उन्हाळ्याआधी कूलरचं गवत बदलून द्या, स्लॅबवर पांढरा चुना लावून घ्या. एसी असेल तर 24 अंशांवर ठेवा. तापमान एक अंश वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं भारताचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

मंडळाने आपल्या परीने एक पाऊल टाकायचं ठरवलं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना वीज-गॅसचं ताजं बिल आणि बॉयलरचा फोटो घेऊन या. आपल्यातलेच जाणकार स्वयंसेवक एका टेबलापाशी बसून तापमान कसं बदलायचं, बिलातला कोणता आकडा कशाचा, हे समजावून सांगतील. पात्र कुटुंबांना हिवाळ्यात ‘वॉर्म होम डिस्काउंट’मधून 150 पौंडांची सूट मिळते, आपण पात्र आहोत का, हेही तिथे पाहता येईल. आणि ज्यांना येणं जमणार नाही अशा ज्येष्ठांच्या घरी जाऊन थोडा वेळ द्यायला कोणी तयार असेल, तर समितीला जरूर कळवा. या हिवाळ्यात पैशांच्या धास्तीने मंडळातलं एकही माणूस थंडीत बसू नये, एवढी जबाबदारी आपण सगळे मिळून सहज घेऊ शकतो.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

आपली,
संपादक