जोड तुल्यबळ हवी

जत्रेतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ‘जोड लावणे’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत पंच दोघांना समोरासमोर उभे करतात, अंगलट पाहतात आणि मगच हातात हात देतात. जोड विजोड दिसली, तर भोवतालची माणसेच आरडाओरडा करून ती मोडायला लावतात. इनामाचा पैसा गावच्या वर्गणीतून येतो, कधी एखादा पुढारी मोठी रक्कम जाहीर करतो. पण पैसा कोणीही देवो, जोड लावण्याचा अधिकार पंचांचाच. खेळातल्या न्यायाची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

ही व्याख्या घेऊन इंग्लंडच्या फुटबॉलकडे पाहावे. आमच्या बीड जिल्ह्यातली मुलेही आता चेल्सी आणि मँचेस्टर सिटीच्या निळ्या जर्सी घालून हिंडतात, म्हणून हा विषय वाटतो तितका परका राहिलेला नाही. तिथली प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली. २००३ मध्ये रोमान अब्रामोविच या रशियन धनाढ्याने चेल्सी विकत घेतला, २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्या समूहाने मँचेस्टर सिटी घेतला आणि २०२१ मध्ये न्यूकॅसलवर सौदी अरेबियाच्या सरकारी निधीची मालकी आली. पुढे काय झाले? २०१८ ते २०२४ या सात हंगामांत सहा वेळा मँचेस्टर सिटी विजेता ठरला. २०१६ मध्ये लेस्टर जिंकला, तेव्हा जगाने त्याला चमत्कार म्हटले. ज्या खेळात लहानाने मोठ्याला हरवणे हा चमत्कार ठरतो, तिथे जोड विजोड लागली आहे असे खुशाल समजावे.

माझे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले, त्यामुळे मला गोलांपेक्षा ताळेबंद अधिक बोलका वाटतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर अब्रामोविच यांना चेल्सी विकावा लागला, तेव्हा क्लबकडे त्यांचे सुमारे १५० कोटी पौंड येणे होते. ते त्यांनी मागितले नाही. परतफेडीची चिंता नसलेले कर्ज ज्याच्या पाठीशी आहे, त्याने काटकसरीने चालणाऱ्या शेजाऱ्याशी स्पर्धा करायची, याला कोणता शाखाधिकारी व्यापार म्हणेल? दुसरीकडे १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी हा जुना क्लब देणी भागवू शकला नाही, म्हणून २०१९ मध्ये लीगमधून बाहेर गेला.

तोट्याला मर्यादा घालणारे नियम तिथेही आहेत. ते मोडल्याबद्दल एव्हर्टनचे २०२३ मध्ये १० गुण कापले गेले, अपिलात ते ६ झाले. मँचेस्टर सिटीवर शंभराहून अधिक आरोप २०२३ च्या फेब्रुवारीतच ठेवले गेले. क्लबने ते नाकारले आणि प्रत्यक्ष सुनावणी सुरू व्हायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत, हे खरे. तरी वसुलीची जीप लहान कर्जदाराच्या दारात लवकर पोहोचते आणि मोठ्याच्या फायली लांबत राहतात, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

आपल्याकडे काय? आयपीएलबद्दल तक्रारी अनेक असतील, पण तिने एक गोष्ट शहाणपणाची केली. लिलावात सर्वांची थैली सारखी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. अंबानींच्या मुंबई संघाने पाच वेळा विजेतेपद मिळवले, पण तोच संघ २०२२ आणि २०२४ मध्ये तळाला गेला. मालक देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक असूनही पैशाच्या जोरावर तिथून वर येता आले नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीतही खर्चाला असाच लगाम आहे. म्हणजे वरच्या मजल्यावर आपण जोड बरी लावली.

प्रश्न खालच्या मजल्याचा आहे. लिलावात सगळे मालक सारखे, पण लिलावापर्यंत पोहोचणाऱ्या वाटा सारख्या नाहीत.

खेळाला धनवंतांचा आश्रय आपल्याला नवा नाही. शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ मध्ये उभे राहिले. संस्थाने गेल्यावर साखर कारखाने पुढे आले; कागलच्या शाहू कारखान्याने पैलवानांना मानधन दिले, वारणानगरची मैदाने गाजली. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा ऊस तोडायला दर दिवाळीच्या सुमारास माणसे जातात ती आमच्या जिल्ह्यातून. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पाच-सहा महिने फडावर असतात आणि अनेकांची मुले त्यांच्याबरोबर. त्या मुलांची शाळा बुडते, मग तालीम कुठली? साखरेच्या पैशातून पैलवान घडले, पण तो ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांपर्यंत ती खुराकाची वाटी क्वचितच पोहोचली.

तरीही इथून माणसे निघाली. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक कांस्य मिळवले, पण तयारीसाठी त्याला पुणे गाठावे लागले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला. तो घडला लष्करात, म्हणजे तुमच्या-आमच्या कराच्या पैशावर. कुठल्याही मालकाच्या थैलीने त्याला शोधले नव्हते.

आता थोडा हिशेब. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यातला फक्त एक टक्का बाजूला काढला, तर वर्षाला सुमारे ९७ कोटी होतात. देशातले जिल्हे आठशे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी १२ लाख येतात. एवढ्यात एक चांगला प्रशिक्षक, काही मुलांचा खुराक आणि हंगामी वसतिगृहातल्या पोरांसाठी मॅट सहज बसेल. हे पैसे क्रिकेटचे आहेत, ते कुस्तीने वा धावण्याने का मागावेत, असे कोणी म्हणेल. पण ते सामने बघणारी, त्यातल्या जाहिरातींचा माल विकत घेणारी घरे याच जिल्ह्यांतली आहेत.

श्रीमंतांनी खेळात पैसा घालू नये, असे माझे म्हणणे नाही. तो घातला नसता तर खासबागही झाले नसते. थैलीला वर मर्यादा घातली, हे अर्धे काम झाले. खाली फडावरच्या पोराला आखाड्यापर्यंत आणणे हे उरलेले अर्धे. ते होईपर्यंत पंचांनी घाईने हातात हात देऊ नयेत, आणि विजोड दिसली तर आपणही भोवती उभे राहून गप्प बसू नये.